काठावरची कारागिरी



इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं ब्लॅकपूल आणि बारामती तालुक्यातलं सुपे, या दोन गावांची नावं सहसा एका वाक्यात येत नाहीत. पण एकोणिसाव्या शतकात दोन्ही गावांचं नशीब कापसाच्या एकाच बाजाराला बांधलेलं होतं. लँकेशायरमधल्या गिरणीगावांच्या गिरण्या वर्षातून एकदा आठवडाभर बंद राहत आणि त्या आठवड्यात गावंच्या गावं रेल्वेत बसून समुद्रावर जात. १८४६ मध्ये ब्लॅकपूलला रेल्वे आली, १८९४ मध्ये तिथला लोखंडी मनोरा उभा राहिला आणि मजुरांच्या आठवडाभराच्या सुटीवर एक अख्खं शहर पोसलं गेलं. याच गिरण्यांना १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मागणी मुंबईकडे वळली, भाव चढले, दख्खनच्या कोरडवाहू गावांतही पैसा खेळू लागला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं तसे भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला, त्यातच फेरआकारणी होऊन शेतसारा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुप्यात रयतेने सावकारांवर चाल केली आणि कर्जाची खतं जाळली. त्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज आपण ज्या प्रथेनुसार इथं जमलो आहोत ती प्रथा त्या व्याख्यानमालेने रुजवली, आणि आजचा माझा विषय मात्र सुप्याच्या बाजूचा आहे: ज्यांची मतं कुणी नोंदवली नाहीत अशा माणसांच्या रोजच्या जगण्याचा.

ब्लॅकपूलचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९६० नंतरच्या काळात स्पेनचा ऊन पडणारा किनारा स्वस्त विमानांमुळे इंग्रज मजुराच्या आवाक्यात आला, इकडे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि इंग्लंडची समुद्रकाठची गावं ओस पडू लागली. हॉटेलांच्या खोल्या भाड्याने राहणाऱ्या गरिबांची घरं झाली. ब्लॅकपूल, मोरकॅम, मार्गेट ही नावं उतरती कळा सांगण्यासाठी वापरली जाऊ लागली. पण या गावांचा वैभवकाळ सरण्याच्या आधीच तिथं एक विलक्षण काम होऊन गेलं होतं. १९३७ साली टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज या तिघांनी ‘मास ऑब्झर्वेशन’ नावाचा उपक्रम सुरू केला. हॅरिसन मुळात पक्षीनिरीक्षक. पाण्यावरचे पक्षी मोजायची त्याला सवय होती, तीच नजर त्याने माणसांकडे वळवली. बोल्टन हे गिरणीगाव आणि तिथले मजूर सुटीत जात ते ब्लॅकपूल, ही दोन ठिकाणं त्याच्या निरीक्षकांनी धरली. दारूच्या गुत्त्यात लोक काय बोलतात, वाळूवर बसून काय खातात, कुठल्या खेळावर पैसे उडवतात, हे सगळं टिपून ठेवलं. पुस्तकात, नाटकात, चित्रात जे येतं तेवढीच संस्कृती, हा समज त्या टिपणांनी मोडला. माणूस आपला दिवस कसा घालवतो, हातातल्या सामानातून काय घडवतो, तिथंही संस्कृती असते, आणि वैभव ओसरल्यावर तर मुख्यतः तिथंच उरते.

माझं आजचं म्हणणं याच धाग्यावर आहे आणि ते इंदापूर तालुक्याच्या भीमाकाठाविषयी आहे. उजनी धरणाच्या काठी जुनी गावं, घाट, देवळं, पेठा पाण्याखाली गेल्या. जे बुडालं त्याची हळहळ आपण करतो, आणि जे दिसतं त्यातलं फक्त देखणं तेवढं दाखवतो: उन्हाळ्यात उघडं पडणारं पळसदेवचं मंदिर आणि भिगवणचे रोहित पक्षी. या दोहोंच्या मधे काठावर जी माणसं रोज राबतात, त्यांच्या कामात या भागाची खरी जिवंत संस्कृती आहे. ती टिकवायची तर त्यांचं काम, त्यांचा पाण्यावरचा हक्क आणि त्यांचा जीव या तीन गोष्टी आधी सांभाळाव्या लागतील. देवळाची डागडुजी आणि पक्ष्यांचे फलक त्यानंतर.

आता काठाकडे वळू. उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे, १९८० मध्ये ते पूर्ण झालं आणि त्याचं पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा आहे. अर्ध्याहून अधिक पाणी ज्या धरणात मृतसाठ्यात धरलं जातं, त्या धरणाच्या काठी राहणं ही वेगळीच गोष्ट आहे. म्हणूनच इथला शेतकरी ‘धरण प्लसमध्ये आलं’ किंवा ‘मायनसमध्ये गेलं’ असं बोलतो, आणि उन्हाळ्यात रोजच्या पातळीचा आकडा भावाच्या आकड्याइतकाच काळजीने वाचतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. पाणी असं मैलोगणती मागे हटतं तेव्हा पळसदेवच्या पळसनाथाच्या जुन्या मंदिराचा सभामंडप, आसपासचे वीरगळ आणि सतीशिळा उघड्या पडतात आणि महामार्गावरून गाड्या वळून तिकडे जातात. त्याच वेळी दुसरंही काही उघडं पडतं आणि ते बघायला कुणी येत नाही. गाळाची ओली जमीन वर येते आणि काठावरची कुटुंबं तिच्यात गाळपेर करतात.

या गाळपेराकडे जरा निरखून पाहायला हवं. पाणी कुठल्या आठवड्यात किती सरकेल याचा अंदाज बांधायचा, ओल टिकून आहे तोवर बी टाकायचं, आणि जून-जुलैत पुण्याकडून पाणी येऊन रान पुन्हा बुडायच्या आत पीक काढायचं. वैरणीचा मका, भुईमूग, कलिंगड, काकडी, जे लवकर हाती येतं ते. वर पक्क्या जमिनीवर ऊस अठरा महिने उभा राहतो, आणि खाली पाण्याशी शर्यत लावून तीन-चार महिन्यांचा संसार मांडला जातो. धरण कधी सोडतील, कालव्याला किती देतील, परतीचा पाऊस झाला की नाही, हे सगळं त्या एका पेरणीच्या निर्णयात येतं. १८३६ साली मुंबई इलाख्यातल्या नव्या जमीन मोजणीला गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातूनच सुरुवात केली होती. जमिनीची खोली, रंग, पोत पाहून प्रत घालायची त्यांची पद्धत पुढे इलाखाभर गेली. त्या मोजणीत माती नीट नोंदवली गेली. ती माती ओळखणाऱ्या माणसाचं ज्ञान नोंदवायला रकाना नव्हता, आणि जी जमीन वर्षातून काही महिनेच जमीन असते तिची नाडी ओळखणाऱ्या आजच्या माणसाच्या ज्ञानालाही तो नाही.

मासेमारीची गोष्ट याहून मोठी आहे. भीमा वाहती होती तेव्हा नदीतली मासेमारी होतीच, पण एवढ्या पसरलेल्या, उथळ, गाळाच्या पाण्यात मासे धरणं हे नवं शास्त्र होतं आणि ते काठच्या भोई आणि इतर मच्छीमारांनी गेल्या चार-साडेचार दशकांत स्वतः उभं केलं. तळाशी बुडालेल्या घरांच्या भिंती आहेत, विहिरींचे कठडे आहेत, बाभळीचे बुंधे आहेत. त्यांत जाळं अडकलं तर फाटतं. म्हणून पाण्यावर होडी वल्हवताना खालच्या जुन्या गावाचा नकाशा डोक्यात ठेवावा लागतो. जाळ्याची आस, म्हणजे त्याचं छिद्र, कुठल्या माशाला किती हवी, वरच्या दोरीला तरंगतं काय बांधायचं, खालच्या दोरीला शिसं किती, संध्याकाळी जाळं कुठल्या वाऱ्याच्या आडोशाला टाकायचं की पहाटे ते गुंता न होता वर यावं, हे ठरवताना हात आणि डोकं एकत्र चालतं. फाटलेलं जाळं काठावर पसरून सुईने एकेक आस पुन्हा बांधणारी माणसं पाहिली की विणकामाला आपण जी प्रतिष्ठा देतो ती इथं का देत नाही, असा प्रश्न पडायला हवा. शिवाय या काठाने एक खाद्यपरंपराही घडवली. ज्या तालुक्याची ओळख दुष्काळ आणि बाजरी-ज्वारीची भाकरी अशी होती, त्या तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणच्या आसपास मासळीच्या खानावळी उभ्या राहिल्या. तळलेली चिलापी, काळ्या मसाल्यातला मरळीचा रस्सा आणि भाकरी खायला लोक लांबून वाट वाकडी करून येतात. समुद्रापासून इतक्या लांब, देशावर, एका पिढीत मासळीची अशी चव तयार होणं ही कमी निर्मिती नाही.

या निर्मितीवर संकटही आहे आणि त्याचं कारण काठावर नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. जलपर्णी पसरते, पाण्याचा रंग पालटतो, आणि रोहू, कटला, वाम असे जुने मासे कमी होऊन घाणीतही तग धरणारी चिलापी वाढते. त्यात बारीक आसेच्या जाळ्याने, वडाप घालून, अगदी लहान पिल्लं उपसण्याचा प्रकार चालतो. तो बेकायदा आहे आणि त्याविरुद्ध सर्वांत आधी ओरड करणारे लोक स्थानिक मच्छीमारच आहेत, कारण मत्स्यबीज सोडल्यावर ते वाढायला किती दिवस द्यावे लागतात हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. काठाची संस्कृती राखणारे लोक काठावर आहेत हे मी म्हणतो ते याच अर्थाने.

कुंभारगावचं उदाहरण याच काठावरचं. हिवाळ्यात रोहित येतात, पट्टकदंब येतात, चक्रवाक येतात. त्यांना पाहायला शहरांतून लोक आले तेव्हा त्यांना पाण्यात नेणारं दुसरं कुणी नव्हतं, मच्छीमारांच्याच होड्या होत्या. ज्या माणसांना पक्षी म्हणजे मासा कुठं आहे याची खूण एवढंच ठाऊक होतं, त्यांनी पाहुण्यांच्या तोंडून पक्ष्यांची इंग्रजी आणि शास्त्रीय नावं उचलली, पुस्तकं पाहिली, आणि थव्याला न उठवता होडी कुठवर न्यायची हे स्वतःच्या अनुभवाने बसवलं. रोहित उथळ चिखलात चरतात, म्हणजे पाणी ओसरल्याशिवाय ते तिथं थांबत नाहीत. गाळपेर, पळसदेवचं मंदिर आणि रोहितांचा थवा या तिन्ही गोष्टी एकाच कारणाने आपल्याला मिळतात, पाणी मागे हटल्यामुळे. इंदापूर शहरात तर चित्रबलाकांनी थेट तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर वीण घातली. खाली सातबाऱ्याची कामं चालू, वर घरट्यांतून पिल्लांचा कलकलाट. त्या चिंचा इतकी वर्षं उभ्या राहू दिल्या, हे श्रेय इंदापूरकरांना द्यायला हवं.

इथं कुणी विचारेल की धंद्याला संस्कृती म्हणणं म्हणजे दोन गोष्टींची सरमिसळ नव्हे का. मासे धरणं पोटासाठी आहे, कलिंगड विकायला आहे. काव्य, गायन, नाट्य यांच्या पंक्तीला ते कसं बसेल? या आक्षेपाचं उत्तर द्यायला मी काटेवाडीला जातो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम करून काटेवाडीत येते. तिथं परीट समाज पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन येऊन पालखीभोवती त्यांचं रिंगण घालतात. पुढे बेलवाडीत आणि इंदापुरात घोड्याचं रिंगण होतं, सराटीला नीरेत पादुकांना स्नान घातलं जातं. यातलं काटेवाडी मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिथं देवापुढे कुणी आपल्या धंद्याबाहेरचं काही आणलेलं नाही. धुणाऱ्याने धुतलेलं धोतर आणलं, राखणाऱ्याने राखलेली मेंढरं आणली. शेकडो जिवांना पालखीभोवती एका लयीत पळवायला कळप हातात असावा लागतो, आणि तो रोजच्या रानातल्या कामाने हातात येतो. धंदा कुठं संपतो आणि कला कुठं सुरू होते हे काटेवाडीच्या रस्त्यावर उभं राहून सांगता येत नाही. गुंथर सोनथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या, बिरोबा-खंडोबाची दैवतपरंपरा यांवर आयुष्य घालवलं, त्यालाही हेच दिसलं: चराईच्या वाटा आणि दैवतांच्या कथा एकमेकींत गुंतलेल्या असतात.

दुसरा आक्षेप जास्त विद्वत्तेचा आहे. उच्च कलेला आश्रयदाता लागतो, आश्रय गेला की ती जागा संपते, उरतं ते फक्त जगणं, असं मानणारे आहेत. त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा बारामतीतच आहे असं वाटू शकेल. मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे. सावकार बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत पुराण सांगत राहिले आणि १७९४ साली इथंच वारले. केकावली, आर्याभारत, आणि तऱ्हेतऱ्हेच्या बंधनांत रचलेली एकशे आठ रामायणं या कऱ्हेकाठी झाली. नाईकांचं सावकारी वैभव मावळलं, म्हणजे मोरोपंतांची जागाही मावळायला हवी होती. तसं झालं नाही, आणि का झालं नाही ते पाहण्यासारखं आहे. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनकारांनी आणि पुराणिकांनी उचलल्या. देवळातल्या ओट्यावर, चातुर्मासात, दक्षिणेवर पोट भरणाऱ्या माणसांनी त्या पाठ केल्या, म्हटल्या, त्यांचा अर्थ लावला. वाड्याने कविता जन्माला घातली असेल, पण तिला जगवलं ते रोज काम म्हणून ती म्हणणाऱ्या कंठांनी. आश्रय आणि रोजचा धंदा यांतलं अधिक टिकाऊ काय, याचं उत्तर माझ्या मते बारामतीनेच देऊन ठेवलं आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. तुम्ही गरिबीला सुंदर म्हणता आहात, असा तो आक्षेप आहे. धरणाने ज्यांची गावं घेतली, ज्यांना मोबदला आणि जमीन मिळवायला वर्षानुवर्षं चकरा माराव्या लागल्या, त्यांच्या हिकमतीचं कौतुक करून त्यांच्यावर झालेला अन्याय झाकला जातो. ही भीती खरी आहे. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. कुगाव करमाळा तालुक्यात, कळाशी इंदापूर तालुक्यात. नजरेला समोरचा काठ दिसतो, पण रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, म्हणून माणसं वर्षानुवर्षं होडीने ये-जा करत आली. शिरसोडी-कुगाव पुलाचं बोलणं त्याआधीपासून चालू होतं. इंग्लंडच्या मोरकॅम उपसागरातही ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री भरतीच्या पाण्याने शिंपल्या गोळा करणाऱ्या किमान २१ चिनी मजुरांचा घास घेतला होता. ज्या किनाऱ्याला लोक ओसरलेला म्हणत होते, त्या किनाऱ्यावर रात्री थंडीत कुणीतरी राबत होतं हे देशाला तेव्हा कळलं. त्यांना कुणी पर्यटक म्हणून पाहिलं नव्हतं आणि रहिवासी म्हणूनही मोजलं नव्हतं.

माझं उत्तर असं आहे. काठावरच्या कौशल्याला संस्कृती म्हटलं की ते कौशल्य बाळगणाऱ्या माणसाचा जीव ही सार्वजनिक बाब होते, खाजगी नशीब राहत नाही. देऊळ पडायला आलं तर पुरातत्त्व खात्याला आपण जाब विचारतो. मग होडीत जीवरक्षक जाकिटं नाहीत, धक्का नाही, वाऱ्याची सूचना देणारी सोय नाही, यासाठीही त्याच आवाजात जाब विचारला पाहिजे, आणि तो सांस्कृतिक प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे. १८५८ मध्ये पुण्याकडून आलेली रेल्वे डिकसळपर्यंत पोचली. भीमेवरचा तिथला इंग्रजी काळातला दगडी पूल रेल्वेमार्ग सरकल्यावर रस्त्यासाठी लोकांनी वापरला. त्या पुलाचं जुनेपण आपण कौतुकाने सांगतो, पण ज्या काळात पूल हवा होता आणि नव्हता त्या काळात होडी चालवणाऱ्यांनी काठ जोडून ठेवला, त्यांचं नाव कुठल्याही फलकावर नाही. गरिबीचं कौतुक त्यांना वगळण्यात आहे. त्यांना मोजलं की मग मोबदला, पूल आणि परवाना यांवर बोलणं भाग पडतं.

आता पर्यटनाचं. पर्यटन आलं की पैसा येईल, पैसा आला की सगळं सुटेल, ही आशा तालुक्यात प्रामाणिक आहे आणि मी तिला हसणार नाही. मार्गेटमध्ये २०११ साली टर्नर कंटेम्पररी हे कलादालन उघडलं, त्या आधी २००८ पासून फोकस्टनमध्ये दर तीन वर्षांनी कलामहोत्सव भरू लागला. ओसरलेल्या गावांत पुन्हा माणसं आली, दुकानं उघडली, हे खरंच झालं. पण घरांच्या किमती आणि भाडीही चढली, आणि जे त्या गावात वाईट दिवसांत टिकून राहिले त्यांनाच चांगल्या दिवसांत राहणं महाग झालं, अशी तक्रार तिथं सतत ऐकू येते. आपल्याकडे काठाच्या जमिनी शेतघरं आणि रिसॉर्ट बांधायला विकल्या जाऊ लागल्या तर गाळपेराची वाट अडेल, होडी लावायची जागा कुंपणाआड जाईल, आणि उद्या पक्षी दाखवायला कुंभारगावचा माणूस पगारी नोकर होईल. म्हणून पर्यटनाला माझा विरोध नाही, त्याच्या क्रमाला आहे. आधी होडी लावण्याचा, गाळपेराचा, मासेमारीचा हक्क कागदावर पक्का व्हावा, मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना पर्यटनाच्या परवान्यात पहिला हिस्सा मिळावा, आणि मग रिसॉर्टला परवानगी. उलटा क्रम झाला तर मार्गेटच्या तक्रारी आपल्याकडेही येतील, आणि इथं त्या ऐकायला वर्तमानपत्रं एवढी जवळ नाहीत.

काही जण असंही म्हणतील की इंदापूर-बारामती हा ओसरलेला भाग म्हणणंच चुकीचं आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने इथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणी आणलं, १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वसाहत उभी केली, त्या वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे अवकाश संशोधनासाठी यंत्रभाग घडले. ऊस, डाळिंब, द्राक्षं, दूध. हे सगळं खरं आहे, आणि हे वैभव काठापासून थोड्याच अंतरावर आहे, म्हणूनच काठ अधिक दुर्लक्षित राहतो. तालुक्याच्या समृद्धीचा आकडा मोठा असला की त्यात काठाचा आकडा बुडून जातो. इंग्लंड श्रीमंत असतानाच त्याचा समुद्रकाठ गरीब झाला, हे लक्षात ठेवावं.

शेवटी नोंदीचा प्रश्न. हॅरिसनच्या लोकांनी जे बोल्टनमध्ये केलं त्याहून मोठं काम पुण्यात झालेलं आहे. ग्वी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. दळताना, अंधारात, एकटीने म्हटलेल्या ओव्यांना एवढं मोठं दालन मिळालं ते गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत ठेवल्यामुळे. उजनीकाठी असंच काम व्हायला हवं, आणि त्यासाठी बाहेरच्या कुणाची वाट पाहायची गरज नाही. बारामतीला आणि इंदापूरला महाविद्यालयं आहेत, आणि त्यांच्या वर्गांत पळसदेव, कळाशी, कुंभारगाव, डाळज, भिगवणची मुलं-मुली बसतात. जाळ्याचे प्रकार, त्यांच्या आसा, होडी बांधायची पद्धत, माशांची आणि पक्ष्यांची स्थानिक नावं, गाळपेराची पिकं आणि त्यांच्या तारखा, मासळीच्या लिलावात बोलले जाणारे शब्द, पालखी गावातून जाते तेव्हा कुठल्या समाजाची कुठली सेवा, हे सगळं मराठीच्या, भूगोलाच्या, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मिळून टिपता येण्यासारखं आहे. माझी एक सूचना तर अगदी तातडीची आहे. जुनं पळसदेव बुडालं तेव्हा जी मुलं तिथं खेळत होती, ती आता पन्नाशी-साठीत आहेत. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरून पांढर उघडी पडली की या वडीलधाऱ्यांना तिथं सोबत न्यावं, मोजपट्टी आणि वही घेऊन, आणि कुणाचं घर कुठं होतं, पार कुठं होता, आड कुठला, बाजार कुठं भरायचा, धुणी कुठल्या दगडावर व्हायची, हे त्यांच्याकडून पावलागणिक विचारून नकाशावर घालावं. मंदिराचे फोटो हजारो निघाले आहेत. गावाचा असा नकाशा आधी काढावा, आणि त्यावर ज्यांनी ज्यांनी जागा दाखवली त्यांची नावं घालावीत.